डावीकडे जड

मावशींच्या पोटावर ठेवलेला हात तिने डाव्या बाजूला हळूहळू खाली सरकवला, आणि जिथे बोटांना काहीच लागायला नको होतं तिथे एक कड लागली. बरगडीखालून निघून बेंबीच्या दिशेने उतरत गेलेली, टणक, गुळगुळीत कड. एवढी वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, तिने डॉक्टरकी शिकत असतानाच्या दिवसांनंतर पाहिली नव्हती. "मोठा श्वास घ्या, मावशी. आता सोडा." श्वासाबरोबर ती कड खाली आली, बोटांना टेकली आणि परत वर गेली. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. खाजगी दवाखान्यातली, दुसऱ्या मजल्यावरची ती तपासणीची खोली नेहमीसारखी शांत होती. पलंगावर धुतलेली चादर, कोपऱ्यात गरम पाण्याचा नळ, भिंतीला लागून दोन गुबगुबीत खुर्च्या. त्यातल्या एकीत वकीलबाई बसल्या होत्या. मावशी त्यांच्या घरी नऊ वर्षं स्वयंपाक करत होत्या आणि गेल्या आठवड्यात ओट्यापाशी उभ्या असताना एकाएकी खाली बसल्या, म्हणून वकीलबाई त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन आल्या होत्या. "किती दिवस होतंय असं?" तिने विचारलं. हात अजून पोटावरच होता. "झाले की सहा-सात महिने," मावशी छताकडे बघत म्हणाल्या. दोन घासांत पोट भरतं का, कपडे सैल झालेत का, रात्री घाम येतो का, असं ती एकेक विचारत गेली आणि मावशी हो, हो, येतो म्हणत गेल्या. उत्तरं इतकी सरळ होती, चित्र इतकं स्पष्ट होतं, की तिला राग आला. "आणि सात महिने तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत? दुखणं अंगावर काढायची सवयच असते तुम्हा लोकांना. पार गळ्याशी आलं की मग यायचं." मावशींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "चुकलंच माझं, बाई."

"जुने कागद आहेत का काही?" हात धुताना तिने सवयीने विचारलं. "नाहीत," मावशी म्हणाल्या. "असं काय करता, तुमच्या त्या पिशवीत आहेत ना!" वकीलबाई म्हणाल्या. "सार्वजनिक दवाखान्यात जात होत्या मध्ये. तीनदा गेल्या बिचाऱ्या. दाखवा की डॉक्टरांना." मावशींनी साडी नीट केली, पलंगाखालची पिशवी उचलली, आत बराच वेळ चाचपल्यासारखं केलं. मग चार घड्या घातलेले तीन कागद काढून तिच्या हातात दिले. देताना ते पालथे धरले होते, लिहिलेली बाजू वकीलबाईंना दिसू नये असे. हे तिच्या त्या क्षणी लक्षात आलं नाही. तिने घडी उलगडली, आणि समोर तिचंच अक्षर होतं. अशक्तपणा, भूक नाही, रक्तवाढीच्या गोळ्या, पंधरा दिवसांनी. खाली तिची सही, शेवटच्या अक्षराची शेपटी वर फेकलेली. दुसऱ्या कागदावर तेच. तिसऱ्यावरही तेच, फक्त एक ओळ जास्त: डावीकडे जड. म्हणजे मावशींनी सांगितलं होतं. म्हणजे तिने ऐकलंही होतं, निदान तिच्या पेनाने ऐकलं होतं आणि प्रामाणिकपणे उतरवून घेतलं होतं, आणि त्याखाली पुन्हा रक्तवाढीच्या गोळ्या लिहिल्या होत्या. तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

"काय म्हणणं आहे त्यांचं?" वकीलबाईंनी विचारलं. "विशेष काही नाही," ती म्हणाली. "असणारच नाही हो. तिथले डॉक्टर काय, मान वर करून बघतसुद्धा नाहीत. हात लावणं तर लांबच." तिने मान हलवली. "गर्दी असते फार," असं म्हणाली, आणि वर किंचित हसली, त्या तिथल्या डॉक्टरांबद्दल दोन शहाण्या माणसांनी हसावं तसं. मग तिने तपासण्या लिहून दिल्या, उद्याच करा म्हणून बजावलं, जिना सावकाश उतरा म्हणून सांगितलं. दाराशी मावशी थांबल्या. "बाई, ते कागद?" "राहू द्या. फाइलला लावते मी." मावशी "बरं" म्हणाल्या. दार लागलं. तिने कागद परत घड्यांवर घडी घालून खणात टाकले, खणाला किल्ली लावली, आणि हातातली किल्ली बघून तिला कळलं की आपण काय केलं. त्या तीन कागदांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. सार्वजनिक दवाखान्यात कागद पेशंटजवळच राहतो. दवाखान्याकडे उरतं ते फक्त वहीतलं नाव, वय, नंबर आणि एका शब्दात तक्रार.

पुढच्या पेशंटला आत सोडायला तिने पाच मिनिटं लावली. खरं म्हणजे ती त्या पाच मिनिटांत मावशींचा चेहरा आठवत होती, ती रोज सकाळी सार्वजनिक दवाखान्यात बसायची त्या खोलीतला, आणि तो आठवत नव्हता. तीनदा ती बाई हातभर अंतरावर स्टुलावर बसून गेली होती. सकाळची खोली तिला लख्ख आठवत होती: लांबलचक खोली, चार टेबलं, प्रत्येक टेबलाला एक डॉक्टर, आणि तिच्या टेबलामागे भिंतीशी तपासणीचा पलंग, ज्यावर जुन्या वह्यांचे गठ्ठे, एक मोडका पंखा आणि कुणाची तरी छत्री. दाराशी बसणारा शिपाई, ज्याला त्याच्या मिशांमुळे सगळे सुभेदार म्हणत, तो नंबर पुकारायचा. माणूस आत येताना बोलायला लागायचा, कागद टेबलावर ठेवेपर्यंत त्याचं सांगून व्हायचं, आणि ती लिहायची. त्या खोलीत पेशंटच तसे तयार झाले होते. ते लांबण लावत नसत. खोकला, आठ दिवस. गुडघे. चक्कर. एखादा नवखा घरची हकीगत सांगू लागला तर मागचाच त्याला ढोसायचा, "अहो, मुद्द्याचं बोला." दहा सेकंदांत माणूस आपलं दुखणं सांगायला शिकतो, आणि दहा सेकंदांत न मावणारं दुखणं घरी घेऊन जायलाही शिकतो.

तिथे कुणी तिला वाईट वागायला शिकवलं नव्हतं. पहिल्या महिन्यात ती प्रत्येकाला निजवून तपासायची. तेव्हा पलंग रिकामा होता. शेजारच्या टेबलावरचे थोरले डॉक्टर, निवृत्तीला आलेले, चांगले गृहस्थ, हसून म्हणायचे, "पोरी, तू एकाला बरं करशील तोवर बाहेर चार जण उन्हात चक्कर येऊन पडतील. त्यांचं पाप कुणाला?" यात काही खोटं नव्हतं. दुपारी एकला नंबराची खिडकी बंद व्हायची आणि तिच्यामुळे उरलेली माणसं इतर तीन टेबलांवर वाटली जायची. इतर दोघं काही बोलत नसत. नुसते आळस देत, घड्याळ बघत. मग एक दिवस पलंगावर कुणीतरी वह्यांचा एक गठ्ठा ठेवला. तिने तो उचलून खाली ठेवला नाही. एवढंच झालं होतं. तो दिवस तिला आठवायला हवा होता, पण तोही आठवत नव्हता.

आणि घरातला तो विनोद. एकदा ती किल्ल्या विसरून गेली म्हणून आई सकाळी दवाखान्यात आली. सुभेदार ओळखत नव्हता. त्याने तिला रांगेत उभं केलं. आई बिचारी तासभर रांगेत उभी राहून स्टुलापाशी पोचली, आणि हिने मान खाली घालूनच विचारलं, "काय होतंय?" आई म्हणाली, "मला कुठं काय होतंय? किल्ल्या आणल्यात." "किती दिवसांपासून?" हिने विचारलं होतं. आई ही गोष्ट दरवेळी नव्याने सांगायची, पाहुण्यांसमोर, हिचा आवाज काढून, आणि शेवटी पदर तोंडाला लावून हसायची: "माझ्या लेकीने मलाच गोळ्या लिहून दिल्या!" सगळे पोट धरून हसायचे. तीही हसायची. आई जाऊनही आता दोन वर्षं झाली. त्या संध्याकाळी खणाच्या किल्लीशी चाळा करत बसलेली असताना तिला पहिल्यांदा वाटलं की हसायच्या आधी आई क्षणभर थांबायची. प्रत्येक वेळी. ते थांबणं गोष्ट रंगवण्यासाठी होतं की कशासाठी, हे आता कुणाला विचारणार?

निदान आलं ते रक्ताच्या कर्करोगाचं. रक्ताच्या आजारांचे तज्ज्ञ तिच्याच बरोबर शिकलेले. त्यांचा फोन आला. "सावकाश वाढणारा प्रकार आहे. वेळेवर आला की नुसत्या गोळ्यांवर माणसं वर्षानुवर्षं जगतात. पण हिचा आजार आता भडकायच्या बेतात आहे. चार-सहा महिने आधी मिळायला हवी होती ही. होती कुणाकडे?" "सार्वजनिक दवाखान्यात जात होती," ती म्हणाली. "वाटलंच. तू बरी सापडलीस तिला." फोन ठेवल्यावर ती आरशासमोर गेली नाही, रडलीही नाही. तिने फक्त त्या दिवशीच्या पेशंटांना नेहमीपेक्षा जास्त वेळ दिला. एका गृहस्थांचं साधं अंग दुखत होतं, त्यांना तिने डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. ते भारावून गेले. त्यांचं भारावणं तिला सोसवेना, कारण तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट उमगली होती. हा हातही तिचा नव्हता. या दवाखान्याच्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात तिला बोलावून समजावलं होतं: "पेशंटला आपल्याला कुणीतरी पाहिलं असं वाटलं पाहिजे. खुर्ची पुढे ओढा. खांद्यावर हात ठेवा. घाई दिसली की माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरकडे जातो." आणि तिने खुर्ची पुढे ओढली होती. इतकी वर्षं तिने मनात एक हिशोब धरला होता, की सकाळची मी नाइलाजाची आणि संध्याकाळची मी खरी. आता तिला वाटलं, दोन्ही खोल्यांनी आपल्याला हवा तो हात बनवून घेतला, आणि आपण दोन्हीकडे मुकाट्याने बाही वर सरकवली.

सोमवारी सकाळी तिने सुभेदाराला बोलावून पलंग रिकामा करून घेतला. "कुणी मोठं तपासणीला यायचंय का?" त्याने विचारलं. छत्री कुणाची हे कुणालाच माहीत नव्हतं. ती प्रत्येकाला निजवू लागली. पहिले काही जण घाबरलेच; एका म्हाताऱ्याला वाटलं की आपलं काहीतरी भलतंच निघालं, तो चपला काढेचना. दहापर्यंत तिचे अठरा झाले होते. एरवी ऐंशी होत. रांग जिन्यापर्यंत गेली, मग जिन्याखाली. साडेदहाला विभागाचे साहेब आले, टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "काय चाललंय हे?" तिने हळू आवाजात सांगितलं, सगळं नाही, एवढंच की पोट न तपासल्यामुळे एक आजार सुटला. साहेबांचा चेहरा खरोखर उतरला. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण मला चार टेबलंच आहेत, बाई. पाचवं मी दर वर्षी मागतो. तुम्ही अशा तपासत बसलात तर उद्या रांगेतली माणसं तुमचे नाही, माझे कपडे फाडतील." शेजारच्या टेबलावरचा तरुण डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "म्हणजे आम्ही सगळे कसाई, असंच ना?" एक वाजता खिडकी बंद झाली तेव्हा साठ माणसं परत गेली. त्यातली एक बाई दारातून ओरडली, "एकेकाला कुरवाळत बसता आणि आम्ही पहाटेपासून उभ्या! आमच्या पोटात दुखत नाही होय?" मंगळवारी तिने निवडक जणांना तपासायचं ठरवलं. बुधवारी निवडायला वेळ मिळाला नाही. शुक्रवारी तिने मान वर केली तेव्हा सव्वाबारा वाजले होते, हातावेगळे झालेले कागद दीडशेच्या पुढे गेले होते, आणि पलंगावर कुणीतरी एक खोकं आणून ठेवलं होतं.

त्या दुपारी तिने वकीलबाईंना फोन केला. मनात तिने सगळी तयारी केली होती. वकीलबाई चिडतील, नोटीस पाठवते म्हणतील, आणि खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. "त्या तीन कागदांवरची सही माझी आहे," ती म्हणाली. "मीच तपासलं नव्हतं त्यांना. मी सकाळी तिथे असते." मग वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तिथे देव बसवला तरी तो काय करणार? आणि मावशीही ना, त्यांनी मला आधी सांगायला नको होतं का? तुम्ही अगदी जिवाला लावून घेऊ नका हं." इतक्या सहज. जणू आपल्यातल्याच कुणाच्या हातून कप फुटला. फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. वकीलबाईंनी तिला माफ केलं होतं, आणि ते करायचा अधिकार त्यांचा नव्हता.

मावशी मोठ्या इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. ती गेली तेव्हा त्या शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची वेणी घालत होत्या; हाताला सलाईनची सुई तशीच. "बसा, बाई," त्या म्हणाल्या आणि पाय आक्रसून जागा केली. तिने पर्समधून कागद काढून उशाशी ठेवले. "हे तुमचे. मी ठेवून घ्यायला नको होते." मावशींनी ते उशीखाली सारले. "तुम्ही मला ओळखलं होतंत?" तिने विचारलं. "आधी नाही. श्वास घ्या म्हणालात, तेव्हा नाही ओळखलं. मग रागावलात ना, तेव्हा ओळखलं. आवाजावरून." "मग बोलला का नाहीत?" मावशींनी वेणीचा पेड ओढून बसवला. "वकीलबाई होत्या समोर. आणि तुमचा हात होता माझ्या पोटावर. म्हटलं, आता कुठे लावलाय. बोलले तर काढून घ्याल."

तिने "माझं चुकलं" असं म्हटलं. मनात कितीतरी वेळा म्हणून झालेले ते दोन शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा अगदीच लहान निघाले. मावशी "हं" म्हणाल्या. असू द्या म्हणाल्या नाहीत, जाऊ द्या म्हणाल्या नाहीत. शेजारची म्हातारी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग मावशीच म्हणाल्या, "माझ्या पुढे एक बाई असायची रांगेत. दोनदा तरी होती. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. तिचंही असंच, जेवण जायचं नाही. तिलाही त्याच गोळ्या दिल्या होत्या तुम्ही. तिला बोलवून घ्या." "नाव काय त्यांचं?" मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. "रांगेत कुणी नाव विचारतं का, बाई?" असं म्हणून त्यांनी वेणीला रबर लावलं, म्हातारीचा खांदा थोपटला, आणि दमून उशीला टेकल्या. डोळे मिटले. तिने उठावं असा तो इशारा होता हे तिला बऱ्याच वेळाने समजलं.

पुढच्या सोमवारी ती अर्धा तास आधी गेली आणि वह्या काढून बसली. सात महिन्यांच्या वह्या. बायका, वय चाळीस ते साठ, अशक्तपणा. ती बोट खाली सरकवत गेली आणि पानामागून पान तेच निघत गेलं, तिच्याच अक्षरात, अशक्तपणा, अशक्तपणा, अशक्तपणा, कुठे एखादा गुडघा, एखादी चक्कर, परत अशक्तपणा. पत्ते नव्हते. चष्मा कुठेच लिहिलेला नव्हता. शेजारचा तरुण डॉक्टर आला, क्षणभर थांबून बघत राहिला. "सापडणार नाही," तो म्हणाला, आणि मग थोड्या वेगळ्या आवाजात, "माझ्याही वह्या आहेत खालच्या कपाटात. हव्या तर." तो आपल्या टेबलाकडे गेला. त्याने खुर्चीत बसताना पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

तिने वही मिटली आणि ती दारातून बाहेर आली. इतक्या वर्षांत ती या बाजूला सकाळी कधी आली नव्हती. डॉक्टरांचं दार मागच्या अंगाला होतं. पांढरा कोट आत खुर्चीवरच राहिला होता. व्हरांडा माणसांनी भरलेला होता. भिंतीला टेकलेली माणसं, बाकांवर दाटीवाटीने बसलेली, जिन्यावर पायरीपायरीला एकेक. ती चष्मे बघत निघाली. ती जवळ आली की माणसं आपले पाय आत घेत, पिशव्या बाजूला करत, उगाच कागद हातात नीट धरत. काहीतरी चुकलंय आपलं, असं आधीच धरून चालणारे चेहरे. त्यात कितीतरी जण वर्षानुवर्षं तिच्या टेबलाशी आलेले असणार. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते तिच्याकडे बघत होते, आणि कुणाच्याही डोळ्यांत ओळख नव्हती. ओळखणार कसे? त्यांनी आजवर पाहिला होता तो तिचा भांग.

जिन्याच्या तोंडाशी एका बाकावर तिच्याच वयाचा एक माणूस बसला होता, गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं. तिला उभी पाहून त्याने विचारलं, "ताई, तुम्ही पुढून आलात ना? डॉक्टर आल्या का हो आत?"

ती थांबली. मागे सुभेदाराने पहिला नंबर पुकारला.

"अजून नाही आल्या," ती म्हणाली.

"येतील मग," तो म्हणाला. "बसा की. उभ्या किती राहाल?" आणि दुखरा पाय हाताने उचलून त्याने बाकावर तिच्यासाठी वीतभर जागा केली. ती बसली.